डागाचं पऱ्हं

माय माही केशोरीकडची. तिच्या तोंडभर देवीचे वन होते, आनि खोटं काऊन बोलू तुमाले, लहानपनी बाजारात मी तिच्या चार पावलं मागंच चालाची, लाज वाटे मले. माह्या लग्नात तिनं गाडगंभर लाल कुसाचं धान देल्लं, तेच मी दरसाली पेरत आली.

मी सरकारी फार्मवर रोजीनं जातो. तिथं धानाच्या करपा रोगाचे वाफे असतात. हसू नका जी, तिथं रोग मुद्दाम लावतात, रोगाची तनस पसरवतात, पानी शिंपतात, कोनतं धान टिकते ते पाहाले. माय गेली त्या साली मी साहेबाले मूठभर धान देल्लं, म्हटलं एक ओळ पेरा, माह्या मायचं हाय. मंग घरचं गाडगं उघडलं त किड्यानं सारं पीठ करून ठेवलं होतं. म्हंजे मायचं जे काई उरलं ते त्या एका ओळीत.

एक दिवस सकाळी पाह्यलं त पानापानावर तपकिरी ठिपके, मोहरीएवढे. साहेब काय म्हनन, हेच का तुमच्या मायचं धान? साहेब येयाच्या आधीच मी ठिपक्याचं सारं पऱ्हं, म्हंजे धानाची रोपं, उपटलं, वाफ्याच्या धुऱ्यावर फेकलं. उरले चार-पाच.

साहेब आले, म्हने बाई, तुमची ओळ कुठं गेली? म्हटलं डागाचं होतं जी, काढलं. त्यायनं डोकंच धरलं. बाजूच्या ओळीचं पान दाखवलं, लांब लांब डाग, मधात राखेचा रंग, पान जळून गेलेलं. म्हने रोग हा हाय. तुमच्या पऱ्ह्यात बुरशी घुसली तिथंच त्यानं आपलं मोहरीएवढं अंग मारून टाकलं, मंग बुरशीले पुढं सरकता येत नाई. तुमचंच धान टिकलं होतं, बाई.

मी मंग धुऱ्यावरचं सारं गोळा केलं, मुळाले चिखल होता अजून, पदरात घेतलं आनि कडेच्या पानी भरल्या बांधीत परत रोवलं. निम्मं उन्हानं मेलं, निम्मं लागलं.

आता गाडगं भरलं हाय. नवीन बाया कामाले येतात, डाग दिसला का हात घालतात, मी म्हनतो थांब वं, केवढा हाय ते त पाह्य आधी.

माह्या जन्माआधी गावात पुन्हा देवी आली होती म्हने, तवा मायले काई झालं नाई, तिले एकदा येऊन गेली होती ना, साऱ्या बिमार लोकायले पानी तिनंच पाजलं. हे मले लहानपनापासून माहीत होतं जी. तरी मी मागंच चालाची. जाताना मूठभर धान घेऊन जा, पेरा, सुखी राहा.