डावीकडचा वायपर

तात्यापारा चौकातल्या स्पेअरपार्टच्या दुकानात माझ्यापुढं एक म्हातारे काका जुन्या जीपच्या वायपरचा झिजलेला बुश दुकानदार अश्विनला दाखवत उभे होते.

“काका, डायवरच्या बाजूचा वायपर चालते न?”

“हव. हा डावीकडचा आहे.”

“मंग राहू द्या. इतके साल बंदच होता.”

“तवा मी चालवत होतो, अश्विन. उद्या पिंकी चालवणार. इथल्याच मंत्रालयात साहेब झाली माही पोट्टी, पहिली ड्युटी आहे. मले म्हणे, बाबा, तुम्ही बाजूले बसा.”

“बसा न आरामात. तुम्हाले रस्ता पाहून काय करायचं?”

“रस्ता कोण पाहून राहिलं? जन्मभर साहेबलोकायले त्याच गेटवर सोडलं मी. पाऊस असला तरी तिथल्या साऱ्या डायवरलोकायले काचेतून मी दिसलो पाहिजे!”