पाठ सोडून

हॅलो?… कोण, चिमणी? बोल की… नाही गं, झोपलो नव्हतो. आत्ताच मालिश संपलं. तेलात बुडवून काढलंय मला, फोन हातातून सुटतोय. थांब, स्पीकरवर टाकतो… हां, बोल.

…तुझी वहिनी? औषधं आणायला गेलीय खाली. घरात एकटाच. राज्य आपलंच.

…नाही, ती पण गेली. तूच शोधून दिलेली बाई, मालिशही करते आणि धीरही देते. एका तिकिटात दोन सिनेमे… छळत नाही मी तिला… हो, हो… अगं ऐक ना. मागे एकदा फक्त मेल्याचं सोंग केलं. डोळे पांढरे, जीभ बाहेर, श्वास बंद. म्हटलं, बघू ओरडते का. बाईने दोन बोटं मानेवर ठेवली आणि म्हणाली, "काका, नाडी माझ्यापेक्षा बरी चाललीय. पालथे व्हा." मग काय, झालो पालथा. कॅन्सरवाल्यांचंच मालिश करते ती. माझ्यासारखे नग तिला रोजचेच.

…हसतेस का रडतेस?… सर्दी. बरं, सर्दी.

…तेच तर सांगतोय. आता ती पालथं व्हायला सांगत नाही. पाठीला हातच लावत नाही… मागच्या खेपेपासून. आधी मानेपासून कमरेपर्यंत दोन्ही हात फिरायचे. हळूच, पेशंटला जोरात दाबायचं नसतंच, पण मणका न् मणका मोजून घ्यायची. आता तळपाय, तळहात, फार तर डोकं. मधला भाग गायब. नकाशातून गाव उडवावं तसा.

…विचारलं की. म्हटलं, पाठ राहिली. म्हणाली, "आज पायच करू काका, पाय दमलेत." आता मला सांग, दिवसभर पलंगावर पडलेल्या माणसाचे पाय कशाने दमतात?… म्हणून आज गंमत केली. न सांगता मीच वळलो. धप्पकन पालथा. म्हटलं, दाबा आता. तर बाईने हात असे मागे घेतले, तव्याचा चटका बसल्यासारखे. "हळू, हळू, काका, असं झटक्यात वळायचं नाही." तोंड पांढरं फटक. मेल्याचं सोंग केलं तेव्हा घाबरली नाही, आणि नुसता वळलो तर घाबरली. याला काय म्हणायचं?

…तेल संपत आलं असेल? चिमणे, पूर्वी बरं खोटं बोलायचीस तू.

…आणि ते ध्येयाचं. दर खेपेला बाई विचारते ना, आता पुढचं ध्येय काय म्हणून. आधी म्हणाली, गच्चीपर्यंत जिना चढा. चढलो. मग म्हणाली, कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत एकटे जा. गेलो. न्हावी माझ्या डोक्याकडे बघत बसला, म्हणाला, साहेब, कापू काय?… आणि आज विचारते, "काका, कोणाशी काही बोलायचं राहिलंय का?" सलूनवरून एकदम इथे. मधली स्टेशनं खाल्ली बाईने.

…रिपोर्ट? हो, तू म्हणालीस की, स्वच्छ आहे म्हणून. काचेसारखा. तूच आणलास, तूच डॉक्टरांशी दार लावून बोललीस. बाहेर आलीस तेव्हा तोंडाला ताजी पावडर होती. हॉस्पिटलात पावडर कोण लावतं गं?

…नाही, नाही, छानच आहे म्हणतेस ना, मग मोटरसायकल घेतो. पुढच्या वर्षी दोघं भटकायला जाऊ. तू मागे बस… बसशील? कबूल?… माझ्या पाठीला घट्ट धरून बसावं लागेल हां… थांबलीस का? रंग सांग… लाल. बरं, लालच घेऊ.

…चिडलो नाही. मजा घेतोय. एवढीच करमणूक उरलीय.

…आता मीच सांगतो तुम्ही काय केलंत. दुखणं पाठीच्या हाडात उतरलंय. मला सांगायचं नाही, असं तुम्ही नणंद-भावजयींनी ठरवलं. पण मालिशवालीला सांगावंच लागलं, नाहीतर तिने नेहमीसारखा हात टाकला असता आणि एखादा मणका गेला असता कडकन. मग तिला सांगितलंत आणि वर म्हणालात, काकांपुढे ब्र काढायचा नाही. नाही काढला बिचारीने. तोंड बंद ठेवलं. पण हातांचं काय करणार?

…सगळे माझ्या मनाचे खेळ?… असं काही नाहीच?… वा. मग मिटलं. मला हेच ऐकायचं होतं. घे शपथ.

…माझ्या गळ्याची, आणखी कोणाची… का, काय झालं? लहानपणी गालाला साखर चिकटलेली असायची, आणि वर "दादाच्या गळ्याची शपथ, मी नाही खाल्ली". सकाळ-संध्याकाळ मारायचीस मला. मी कुठे मेलो? पक्का गळा आहे. घे.

…म्हण, दादाच्या गळ्याची शपथ, रिपोर्ट चांगला आहे… म्हण की. खोटी निघाली तर मीच मरणार, तुझं काय जातंय?

…चिमणे?… आहेस ना? श्वास ऐकू येतोय तुझा.

…बरं, पुरे. गंमत करत होतो मी… खरंच गंमत. आपले अंधारात खडे मारत होतो. पाठीला हात लावला नाही, एवढ्यावरून काय कळतं माणसाला? बाईचा मूड नसेल. मला वाटलं, तू खो खो हसशील, म्हणशील, दादा, तुझं डोकं फिरलंय, आणि घेऊन टाकशील पटकन. चिमूटभर साखरेसाठी घ्यायचीस गं.

…घे ना… खोटी घे. मला चालेल.

…येतेस? आत्ता? आत्ता कशाला येतेस?… नको. शपथ फोनवरही घेता येते. बस खाली. रडू नको, मी आधी म्हणतो, तू मागून म्हण. दादाच्या गळ्याची… म्हण, दादाच्या…

…ठेवला.