लमीससाठी अंगावर घेतलेली दुखणी

...नवस बोलताना जपून बोलावं माणसानं, तुम्हाला सांगते, कारण मी एकदा टेकडीवरच्या मरियम माउलीपुढे मेणबत्ती लावून म्हटलं, "माउली, माझ्या लमीसला मेडिकलच्या मुलाखतीचं बोलावणं येऊ दे, तुझ्या पायऱ्या अनवाणी चढेन," आणि आलं की हो बोलावणं, थेट बैरूतच्या कॉलेजातून, मी चपला काढून दारात उभी, तर ही पोरगी म्हणते काय, "आई, तुझ्या अनवाणी पायांचा मला काय उपयोग? बोलायचाच आहे नवस तर माझी पेशंट व्हायचा बोल. मुलाखत होईपर्यंत मी सांगेन ते दुखणं अंगावर घ्यायचं, आणि माझं बोलणं संपल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही." आता बसून राहणं हा काय नवस झाला? माउलीला काय वाटेल? पण पोरीच्या डोळ्यांत बघितलं आणि विरघळले. पायऱ्या चढायच्या त्या चढलेच, वर जाऊन हाही बोलून आले.

नवस बोलले होते, बसले.

तशी पोरगी हुशार हो, चार वर्षं जीवशास्त्र शिकली, मार्क असे की आमच्या झाहले गावातल्या सगळ्या बायका मला रस्त्यात थांबवून विचारायच्या. पण कॉलेजवाले म्हणतात, मार्क राहू देत बाजूला, आम्हाला माणूस कसा आहे ते बघायचंय. बरोबरच आहे की, सोयरीक जमवताना आपण नाही का बघत? पण यांची बघायची तऱ्हा निराळी. ओळीनं खोल्या. दार उघडायचं, आत पेशंटचं सोंग घेऊन कुणीतरी रडत बसलेलं, नाहीतर चिडून बसलेलं, त्याच्याशी बोलायचं, कोपऱ्यात बसलेले परीक्षक ऐकणार, घंटा झाली की पुढचं दार. म्हटलं, ही कसली परीक्षा, हे तर आपलं ईस्टरला नातेवाइकांकडे फिरणं झालं, फक्त कॉफी तेवढी मिळत नाही.

तयारी करून घ्यायला करम यायचा, गल्लीतलाच, त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. गुणी मुलगा, चष्मा, गंभीर चेहरा, आणि हातात घंटा म्हणून काकाच्या बकरीच्या गळ्यातली काढून आणलेली. ती वाजली की आमचा दिवाणखाना म्हणजे दवाखाना.

पहिल्या दिवशी मला गुडघेदुखी दिली. ती तर माझी घरचीच. घंटा वाजली, लमीस आत आली, "नमस्कार, मी लमीस," आणि मी उठलेच, "ये गं बाई, बस, कॉफी टाकते."

"आई, तू दवाखान्यात आहेस."

"मग? दवाखान्यात आलेल्याला कॉफी विचारू नये?"

"दवाखान्यात मी नाही, तू आलीयेस."

नवस बोलले होते, बसले. आणि सांगायला लागले, गुडघा कधी धरला, जाऊबाईंच्या पुतणीच्या लग्नात धरला, लग्न कसं झालं, मटण कसं कच्चं राहिलं... तर करम बकरी वाजवायला लागला. "मावशी, पेशंट थोडक्यात बोलतो."

"कुठल्या गावचा रे तुझा पेशंट?" मी म्हटलं. चष्मा पुसायला लागला बिचारा.

मग काय विचारता, एकेका दिवशी एकेक. कधी मी दारूच्या नादी लागलेली, कधी पोरांना लस देणार नाही म्हणून हट्टाला पेटलेली, एकदा तर चिडलेला नवरा झाले, तासन् तास बाहेर ताटकळलेला. असा आवाज लावला मी, असा टेबलावर हात आपटला, की आमचे नायफ स्वयंपाकघरातून डोकावले, "मी असा बोलतो?" मग लमीस हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा मोठ्यानं बोलता." आणि त्या चिडलेल्या नवऱ्याला, म्हणजे मला, पोरीनं असं शांत केलं... आधी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "इतका वेळ बसवून ठेवलं आणि कुणी काही सांगितलंही नाही, याचा राग येणारच." एवढंच. मी खरंच शांत झाले हो. इतकी वर्षं संसार केला, हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

पण गाडी अडली ती एका दुखण्यापाशी. ते दुखणं... तुम्हाला कळलं ना कोणतं? आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. आवाज खाली करायचा, इकडेतिकडे बघायचं, आणि "त्याला ते झालंय" म्हणायचं, लाकूड ठोकायचं, इडापिडा टळो म्हणायचं. माझी आई असंच म्हणायची, मी असंच म्हणते, आणि लमीस माझ्याच हाताखाली वाढली. त्या दिवशी शेजारची उम्म वदीअ, म्हणजे वदीअची आई, पुदिना मागायला आलेली, तिलाच करमनं खुर्चीत बसवलं. घंटा वाजली. लमीस अदबीनं म्हणते, "मावशी, तपासणीचा निकाल आलाय. तुम्हाला... ते झालंय."

"ते म्हणजे? साखर?"

"नाही मावशी. ते."

"प्रेशर का? प्रेशर तर मला वदीअच्या लग्नापासून आहे."

"मावशी... ते हो."

"अगं बये, दिवस गेलेत की काय मला या वयात?"

आम्ही सगळे हसलो, एक करम सोडून. तो म्हणाला, "लमीस, इंग्रजीत म्हण." तिनं म्हटलं, घडाघडा, बाजारात टोमॅटो मागावेत तसं. "आता आपल्या भाषेत." पोरीचे ओठ हलले, आवाज नाही. करम म्हणाला, "ही खोली आपल्याच भाषेत असणार आहे. दवाखान्यात येणारी बाई या गल्लीतली असते, पुस्तकातली नाही. मी पहिल्या खेपेला 'ते' म्हणालो आणि वर्ष घालवून बसलो."

आणि लमीसला वर्ष घालवायची सोय नव्हती बरं का. माझा भाऊ तिकडे ब्राझीलला, साओ पावलोत कापडाचं दुकान, त्याचा फोन रोजचा ठरलेला, "ताई, नाहीच झालं तर पाठव इकडे, गल्ल्यावर विश्वासाचं माणूस पाहिजेच आहे." नायफही मान डोलवायला लागलेले. आमच्या गल्लीतली अर्धी पोरं तिकडंच गेली, कोण परत आलंय? फोटो येतात. म्हणजे बघा, एक शब्द जिभेवर आला तर लेक बैरूतला, तासाभराच्या वाटेवर, आणि नाही आला तर समुद्रापार.

मग मीच म्हटलं, "मला सांग. मला ते झालंय असं समज, आणि सांग." आई आहे मी, माझ्या तोंडावर बोलली तर कुणाच्याही तोंडावर बोलेल. करमचाही चेहरा पडला, पण बकरी वाजवली त्यानं.

लमीस आली. खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. म्हणाली, "तुमच्यासोबत कुणी आलंय का?" मी नाही म्हणून मान हलवली. "तुम्हाला किती सांगितलेलं आवडेल? सगळं, की हळूहळू?" असं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, सगळं. आणि माझ्याकडे बघत पोरीनं तो शब्द उच्चारला. आपल्या भाषेत. पूर्ण.

माझ्या जिभेवर इडापिडा आली, हात लाकूड शोधायला निघाला, तर खुर्ची प्लास्टिकची, टेबल काचेचं, खिडकी ॲल्युमिनियमची, आणि उठायची मला बंदी. नवस बोलले होते, बसले. उम्म वदीअनं माझ्या वतीनं दाराची चौकट ठोकली. आणि लमीस... गप्प राहिली. घाईनं धीर दिला नाही, बरं होईल म्हणाली नाही, नजर हलवली नाही. माझ्या पोटची पोर, जन्मल्यापासून बडबड करणारी, ती माझ्यासाठी जागा करून गप्प बसली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नाटकातलं नव्हतं. करम घंटा वाजवायचंच विसरला.

मुलाखतीच्या दिवशी नायफ तिला डोंगर ओलांडून बैरूतला घेऊन गेले. संध्याकाळी आली ती तोंड पाडून. जेवायला बसेना. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "शब्द बोलले गं. नीट बोलले. पण ती पेशंट झालेली बाई म्हातारी होती, तुझ्यासारखीच, तिनं ऐकलं आणि पटकन टेबल ठोकलं, इडापिडा टळो म्हणाली... आणि मीही ठोकलं."

"काय ठोकलंस?" कसं झालं ते ऐकायला येऊन बसलेला करम ओरडलाच. "मेडिकलच्या मुलाखतीत लाकूड ठोकलंस?"

"हात आपोआप गेला रे. परीक्षकांनी वर बघितलं. एक बाई म्हणाल्या, हे का केलंत?"

"मग?"

"मी म्हटलं, त्यांना भीती वाटत होती. त्यांना एकटीला कसं ठोकू द्यायचं?"

करमनं डोकं धरलं. नायफनी फोन हातात घेतला, भावाला लावायला. मी मात्र पोरीकडे बघत राहिले. तुम्हाला सांगते, निकाल यायचा होता, पण माझ्यापुरती ती त्याच क्षणी डॉक्टर झाली. मी रोज टेकडीवर जायचे आणि माउलीला म्हणायचे, कॉलेजवाल्यांना एवढंच कळू दे.

कळलं. घेतलं तिला. त्या ठोकण्यामुळे घेतलं, की ठोकलं तरी घेतलं, ते माउलीलाच ठाऊक. आता पांढरा कोट घालते, शनिवारी घरी येते, दमलेली असते, तरी आधी उम्म वदीअचं प्रेशर बघते मग चपला काढते.

आणि मी? मला वाटलं, सुटले. कसली सुटते. गल्लीभर झालं ना, अमकीच्या आईनं आजारी पडून मुलीला मेडिकलला लावलं. आता ज्याला म्हणून मुलाखतीचं बोलावणं येतं तो माझ्याच दारात. आज सकाळी एकीनं मला दमा दिला, जेवणानंतर एकजण येऊन विसरभोळेपणा देऊन गेला, उद्या एका मुलीला मी गाडीखाली सापडलेली हवी आहे. मुलं सोन्यासारखी आहेत हो, नाही कसं म्हणायचं? तेव्हा माझ्या बायांनो, तुमच्याही आळीत असं एखादं पोर असेलच, दार उघडा, खुर्चीत बसा आणि एकेक दुखणं तुम्हीही घ्या... माझ्या एकटीच्या अंगात किती मावणार?