वाघोबाला धक्का लागला नाही

पुढारी शब्द पाळत नाहीत, हे माझ्यासमोर बोलू नका. वाणगावच्या आत आमच्या पाड्यावर एकाने पाळलाय.

नव्या रस्त्याच्या भरावासाठी आमचा डोंगर खोदायचा होता. ग्रामसभा नाही म्हणाली. मग निवडणुकीच्या तोंडावर पुढारी स्वतः आला. म्हणाला, "तुमची अडचण काय ती सांगा."

आमचा म्हातारा भगत लखमाबाबा उठला. "आमच्या देवाला हात लावायचा नाय."

"वाघोबाला ना? शब्द देतो, धक्कासुद्धा लागणार नाही."

सगळ्यांनी हात वर केले, देवाला धक्का न लावण्याचा ठराव झाला. आम्हाला वाटलं, डोंगर वाचला.

पावसाळा सरताच पोकलेन आले. त्यांनी चहूबाजूंनी डोंगर कापून नेला आणि मधे ताडाएवढा सुळका तेवढा ठेवला. त्याच्या टोकावर वाघोबाचा शेंदरी दगड. वर जायला वाट नाही.

पुढारी मोठ्या कौतुकाने दाखवायला आला. "बघा बाबा, देव जागेवर आहे की नाही?"

लखमाबाबाने सुळक्याकडे बोट केलं. "सायेब, दगड आमी नुसता खुणेला ठेवलेला. डोंगर हाच आमचा देव. त्याला तुमी डंपरात भरून नेला."

"अहो, मग खाली दुसरा दगड बसवून देतो की!"

यंदा वाघबारशीला, वाघोबाच्या पूजेच्या दिवशी, लखमाबाबा सुळक्याकडे फिरकलाच नाही. तो नव्या रस्त्याच्या कडेला उभा होता. भरावावर नारळ ठेवून, डंपरांच्या धुळीत हात जोडून.