वच्छलाबाईंच्या नावचा मिक्सर

मृणाली : पण आई, रेडिओच्या स्पर्धेत द्यायला दुसरं नावच सापडलं नाही तुम्हाला?

कोकिळा : उरलं होतं कोण? एकदा जिंकलं की महिनाभर त्या नावाला बक्षीस नाही, असा रेडिओवाल्यांचा नियम. मंदाबाईच्या नावावर डबे आणले, ज्योत्स्नाच्या नावावर थाळीचं कूपन, तुझ्या नावावर डास मारायची बॅट. पिंप्राळ्यातली आपली अख्खी गल्ली संपली!

मृणाली : म्हणून थेट धरणगावच्या मोठ्या आईंचं? दोन वर्षं बोलत नाहीत त्या आपल्याशी.

कोकिळा : अगं, प्रश्न भरिताचा होता. भरीत म्हटलं की माझ्या तोंडी जाऊबाईंचंच नाव येतं.

मृणाली : आणि आता विजेत्याने स्वतः यायचं, आधार कार्ड घेऊन, उद्या पाचच्या आत.

कोकिळा : डबे कोणीही न्या म्हणायचे. मिक्सर म्हटल्यावर शहाणे झाले मेले!

मृणाली : मग लावा फोन.

कोकिळा : कोणत्या तोंडाने? तुझ्या लग्नात त्यांना मानाची साडी दिली...

मृणाली : रेडिओवर जिंकलेली.

कोकिळा : साडी चांगलीच होती! घडीतली चिठ्ठी काढायची राहिली, एवढंच.

मृणाली : 'अभिनंदन, भाग्यवान विजेते!' साऱ्या मांडवात वाचून दाखवली होती त्यांनी.

कोकिळा : नको आठवण देऊ. मिक्सर गेला चुलीत. मला अक्काशिवाय करमत नाही गं.

मृणाली : घ्या. रिंग जातेय.

(फोन स्पीकरवर.)

वच्छला : कोन शे?

कोकिळा : अक्का, मी कोकिळा. ठेवू नको हं फोन.

वच्छला : मिक्सर लागना ना माले?

कोकिळा : अगं बाई! तुला कसं कळलं?

वच्छला : रोज रेडिओ ऐकस मी. कधी तू मंदाबाई, कधी ज्योत्स्ना. नावं बठ्ठा येगळा, आवाज तुनाच.

कोकिळा : म्हणजे कालचंही ऐकलंस?

वच्छला : त्या पोऱ्यानी इचारं, वच्छलाबाई, भरीत कोनले खावाडशात? तू काय सांगं?

कोकिळा : म्हटलं, धाकट्या जावेला. चूक तिची आहे, पण ती दोन वर्षं दारात आली नाही, मला घास गोड लागत नाही.

वच्छला : हाई मी कधी सांगं?

कोकिळा : तू नाही. मीच. चूक मनीच व्हती, अक्का.

वच्छला : ...सकाय येस मी आधार कार्ड लिसन. पन मिक्सर मना नाववर शे, मना घर राही.

कोकिळा : राहू दे बाई, खुशाल राहू दे!

वच्छला : अन् मिक्सरनी 'अभिनंदन'वाली चिठ्ठी मी काढाव नही.

कोकिळा : चौकटीत लाव. आणखी काही?

वच्छला : रेडिओवर सबद देयेल शे मी, धाकली जावले भरीत खावाडसू म्हनीसन. सबद मोडता येस का? इतवारले ये.