उद्या सकाळच्या विमानाबाबत

दिनांक ९, मंगळवार, संध्याकाळ. हा जबाब द्यायला मी शुक्रवारीच यायला हवे होते. इतके दिवस गप्प राहिले याबद्दल सुरुवातीलाच दिलगिरी नोंदवते. कारणे पुढे येतील. ती पुरेशी आहेत असे माझे म्हणणे नाही.

माझे नाव-पत्ता वरच्या रकान्यात आहे. वय ४४, शिक्षण एम.ए., धंदा नोकरी. विमानतळाच्या सुधारणांसाठी सरकारी अनुदानाचे अर्ज तयार करणे हे माझे काम. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

आमच्या धावपट्टीचे पूर्वेकडचे कुंपण कचरा डेपोला लागून आहे. ते गंजले आहे आणि एका ठिकाणी माणूस वाकून जाईल एवढे खिंडार आहे. डेपोवर रानडुकरे येतात. नव्या कुंपणासाठी मी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नामंजूर झाला. शेरा एकच: धावपट्टीवर जनावर आल्याची घटना नोंदलेली नाही, सबब निकड दिसत नाही. घटना नाही, याचे कारण आमचे पहारेकरी मामा. ते पहाटे जीपमधून डबा बडवत फिरतात, खिंडाराला तार बांधतात आणि विमान उतरेपर्यंत तिथून हलत नाहीत. कार्यालयात सगळे त्यांना चेष्टेने म्हणत, मामा, एक दिवस आजारी पडा, कुंपण मिळेल. मीही हसले आहे.

यंदाचा तिसरा अर्ज. या वेळी समिती स्वतः पाहणीला येते आहे, उद्या सकाळच्या पहिल्या विमानाने.

शुक्रवारी व्यवस्थापक साहेबांनी मामांची बदली वाहनतळावर केली. मी विचारायला गेले. साहेबांनी बसायला सांगितले, चहा मागवला. म्हणाले, "तुम्ही छान लिहिता हो, पण कागद वाचून कोण घाबरतं? एकदा भीती वाटू दे त्यांना. आपल्याला रोज वाटते." मी म्हटले, विमानात इतरही माणसे असतात. ते म्हणाले, "पायलट काय झोपलेला असतो? जनावर दिसलं की वर उचलतो, एक चक्कर मारतो, परत उतरतो. खिडकीतून सगळ्यांना दिसेल."

अमुक एक करणार आहोत, असे ते म्हणाले नाहीत. मी मान हलवून बाहेर आले. ती मान ऐकल्याची होती की होकाराची, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. साहेब वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. त्या खिंडारातून कधीतरी खरा अपघात घुसेल ही त्यांची धास्ती खोटी नाही. मलाही तीच आहे, अर्जात ती मीच लिहिली आहे.

आज दुपारी समितीच्या फायलीसाठी फोटो काढायला पूर्वेकडे गेले. खिंडाराची तार सोडलेली होती, नीट गुंडाळून खांबाला अडकवलेली. आतल्या गवतात कँटीनचे खरकटे ठिकठिकाणी ओतलेले होते. शेवटचा ढीग धावपट्टीच्या कडेला होता. मी तार पुन्हा बांधली. कँटीनवाल्याला विचारले तर तो म्हणाला, "साहेबांनीच सांगितलं, ताई. डेपोची गाडी बंद आहे म्हणाले." खरकटे उचलायला माणूस मागितला, मिळाला नाही.

मग वाहनतळावर मामांकडे गेले. ते गाड्यांच्या पावत्या फाडत होते, मान वर केली नाही. म्हणाले, "तिकडे दिसलो तर घरी बसवीन म्हणालेत. पण ऐका, वास लागला की ती उजाडता उजाडता आत शिरतात. आणि खायला मिळालं ना ताई, की डबा बडवून हलत नाहीत. कशानेच हलत नाहीत."

विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यातल्या अधिकाऱ्याला फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितले की विमान उतरण्याआधी पाहणीची गाडी धावपट्टीवरून फिरते, रस्ता मोकळा असल्याचे ती कळवते, काळजी नसावी. पाळीच्या फलकावर उद्या त्या गाडीपुढे साहेबांचेच नाव आहे.

विचारल्यावरून सांगते की, होय, उद्याच्या विमानात माझी एक नातलग आहे. माझी आई. वय ७६, विमानात पहिल्यांदाच बसते आहे. दुपारी तिला फोन करून म्हटले, परवा ये. ती म्हणाली, "का गं, घर आवरलं नाहीस वाटतं? मी खिडकीची जागा मागून घेतलीय. तुझं ते कुंपण वरून दिसतं का बघते." मी खरे कारण सांगितले नाही. फोन ठेवला आणि पुन्हा लावला नाही. आईला थांबवले तर मला इथे येण्याची गरज उरणार नाही, अशी भीती वाटली. हे बरोबर केले की नाही, मला माहीत नाही.

ठाणे अंमलदार म्हणाले, "बाई, घडलंय ते सांगा. उद्याचं आज कसं लिहू?" कुंपणाच्या आतली जागा त्यांच्या हद्दीत येत नाही, असेही ते म्हणाले. मी विचारले, खिंडार कोणाच्या हद्दीत येते? त्यांनी पेन खाली ठेवले. वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठ बैठकीत होते. दुसऱ्यांदा लावला, तेव्हा उचलला गेला नाही. निरोप ठेवला आहे. अंमलदारांनी मला पाणी दिले आणि माणूस पाठवता आला तर पाठवतो असे सांगितले. त्यांच्या जागी मी असते तर वेगळे काय केले असते, सांगता येत नाही.

आणखी एक राहिले. इथे येताना मी डेपोच्या रस्त्याने आले. दुपारी बांधलेली तार पुन्हा सोडलेली होती.

हा जबाब अंमलदारांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच यात आहे. एके ठिकाणी त्यांनी ‘भीती’च्या जागी ‘शंका’ लिहिले होते, ते बदलून घेतले. त्याखेरीज तक्रार नाही. सही केली.

सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिते: उद्या उजाडण्याआधी डेपोच्या बाजूने जाऊन मी खिंडारात उभी राहणार आहे.