काशीला सोडलेला चहा

गिताबाई : हुंगत काय बसलाय नुसतं? प्या की. मागं लोकं उभी हायती.

हरिबा : ह्यानं सूप म्हणून दिलंय. अगं, टोमॅटोचं सार हाय हे! वर पावाचं तळलेलं तुकडं टाकल्यात. भाकरी हाय का म्हणून इचारलं, तर असा बघतोय जसा काय मी त्याचा गाडाच मागितला.

गिताबाई : सूपात भाकरी कुस्करतं का कुणी? आन् ते बी भर जत्रेत, गणपतीच्या दारात?

हरिबा : मग ह्याचं करायचं काय?

गिताबाई : प्यायचं. घोट घोट. सकाळपास्नं तेवढंच चाललंय तुमचं. न्हावऱ्यात जीप थांबली, काफी घेतली. शिरूरला स्टँडवर बदाम दूध. हितं रांजणगावात पाय ठिवला, दर्शनाच्या आधी त्यो हिरवा सोडा. थंडीनं दात वाजत्यात आन् माणूस बर्फाचा सोडा पितंय.

हरिबा : शोधतोय मी. चहा सोडल्यापास्नं जिभेला धंदाच न्हाई ऱ्हायला. एवढ्या मोठ्या जत्रेत चहासारखं काय तरी आसलंच की.

गिताबाई : काफी कशी लागली?

हरिबा : जळका चिंचोका.

गिताबाई : बदाम दूध?

हरिबा : बारशाला गेल्यासारखं वाटलं. गोड हाय, पण आपलं न्हाई.

गिताबाई : अवं, तुम्ही शोधत बिधत काय न्हाई. येळ काढताय. माघी जत्रा बघू, माघी जत्रा बघू करत भांडगावातनं निघालाय, आन् जायचं हाय सणसवाडीला, वन्संच्या दारात. भ्या वाटतंय तुम्हाला.

हरिबा : भ्या? मला? सख्ख्या बहिणीचं?

गिताबाई : व्हय.

हरिबा : व्हय, वाटतंय. निरोप काय दिलाय आक्कानं, परत सांग.

गिताबाई : किती येळा सांगू? गावच्या तुळजाबाईच्या हाती सांगून धाडलंय. ‘हरिबाला म्हणावं, माझ्या दारात बसून माझ्या हातचा चहा पिणार आसशील तर ये. पिलास तर मागचं समदं मिटलं. न्हाई पिलास तर मला भाऊ न्हाई.’

हरिबा : दुसरं कायबी म्हणायचं की! माझ्याकडं जेवाय ये म्हणायचं. पाया पडाय ये म्हणायचं. पडलो असतो. चहाच का?

गिताबाई : कारण चहावरनंच झालंय. सोनमच्या लग्नात नवरीचा मामा म्हणून मिरवलात, आन् चहा मागनं आला म्हणून भरला कप बशीत पालथा घालून मांडवातनं उठलात. भाचीच्या अक्षता पडायच्या आधी! आता सोनमचं पोरगं चालाय लागलं. रुद्र नाव हाय त्याचं. तुम्ही तोंड बी बघितलं न्हाई.

हरिबा : मग सरळ सांगतो तिला. काशीला गेलो, आवडीची वस्तू सोडायची असती, मी चहा सोडला.

गिताबाई : सांगा. आन् ती म्हणंल, दुनियेतला भाजीपाला संपला व्हता का? माझ्या घरचा कप तोंडाला लागू नये म्हणून मेल्यानं गंगेत उभं ऱ्हाऊन चहाच सोडला!

हरिबा : म्हणंल. आक्का तसंच म्हणंल.

गिताबाई : शहाणी माणसं कारलं सोडून येत्यात. काशीच्या गाडीतल्या निम्म्या बायांनी कारलं सोडलं.

हरिबा : तू काय सोडलंस?

गिताबाई : ढेमसं.

हरिबा : तुला ढेमसं कवा आवडत व्हती गं?

गिताबाई : ते गंगेला काय म्हाईत? आपून आपल्या तोंडानं सांगायचं नसतं. तुम्हाला कुणी सांगितलं व्हतं चहा म्हणाया?

हरिबा : त्या काशीच्या स्टेशनावरच्या चहानं डोकं फिरवलं माझं. मातीचं इवलंसं बोळकं, त्यात गार पाणी, वर दुधाचा नुसता वास. सकाळच्या थंडीत म्हटलं जरा ऊब मिळंल. त्योच राग डोक्यात घिऊन गंगेत उतरलो. म्हटलं, असला चहा आसल तर नकोच ह्या जल्मात.

गिताबाई : चहावाल्यावरचा राग, आन् शिक्षा स्वतःला. आता ऐका. वन्संपुढं काशीचं नाव काढायचं न्हाई. पित्त झालंय म्हणायचं. डाक्टरनं चहा बंद केलाय. त्या दूध देतील, सरबत देतील, जे देतील ते गुमान प्यायचं. चला, शिक्रापूरची जीप भरत आली.

हरिबा : थांब. त्यो बघ, गुलाबी काय तरी इकतोय.

गिताबाई : चला म्हणते ना!

(सणसवाडी. हरिबाच्या आक्कानं, धुरपदानं, भाड्यानं दिलेल्या खोल्यांमधलं अंगण. दारोदार भाडेकरूंचे स्टोव्ह पेटलेले. हरिबा पायरीवर, पुढ्यात चहाचा भरलेला कप.)

हरिबा : आक्का, तब्येत कशी...

धुरपदा : कोण बोललं? त्याला बोलायचं न्हाई. आधी कप रिकामा, मग तोंड. गिताबाई, तू बोल. गाडीला गर्दी व्हती का?

गिताबाई : व्हती की, वन्सं. माघीची जत्रा म्हटल्यावर. वन्सं, एक सांगू का? ह्यांना पित्त झालंय. डाक्टर म्हणला, चहा बंद.

धुरपदा : पित्त तर त्याला पाळण्यातनंच हाय. मी खेळवलाय त्याला. कवा झालं हे?

गिताबाई : ह्या... दिवाळीच्या म्होरं.

धुरपदा : आन् माझा निरोप संक्रांतीचा, तवा कुणी सांगितलं न्हाई. बरं, पित्त तर पित्त. माझ्याकडं समद्या मुलखाची माणसं राहत्यात. पित्ताला औषध कमी न्हाई. ओ मिसराजी! सत्तू का गिलास बनाके लाव, बडावाला! पित्त का आदमी आया है गाँव से!

गिताबाई : काय असतं ते?

धुरपदा : फुटाण्याचं पीठ पाण्यात कालवायचं. कांदा, हिरवी मिरची, मीठ, लिंबू. बिहारची पोरं ह्याच्यावर दोन-दोन पाळ्या भरत्यात कंपनीत. हां मिसराजी, द्या, ह्याच्या हातात द्या. पी रे. बोलायचं न्हाई, पी.

गिताबाई : वन्सं, हे पिठलं हाय. शिजायचं ऱ्हायलंय.

धुरपदा : पोटात गेल्यावर शिजंल. बघ की, डोळं कसं चमकल्यात त्याचं.

गिताबाई : मिरची लागली आसंल.

धुरपदा : पित्त उतरलं का, इचार त्याला.

गिताबाई : उतरलं का, अवं? ते मान हालवत्यात. उतरलं म्हणत्यात.

धुरपदा : उतरलं ना? मग आता चहा घे.

गिताबाई : न्हाई, न्हाई! उतरलं न्हाई म्हणत्यात. ती मान आडवी व्हती.

धुरपदा : म्हंजी जुनाट हाय. थॉमस! ए थॉमस! वो तुम्हारा काढा देना, सोंठवाला! केरळचं पोरगं हाय, वेल्डर. गुणाचं हाय. सुंठ, मिरी, गूळ आन् त्यात काफी उकळतं. थंडीत समद्या चाळीचा खोकला थांबला ह्याच्यावर.

गिताबाई : वन्सं, मिरीनं पित्त वाढतं ना?

धुरपदा : वाढू दे की. एकदा पुरं वर आलं की पडून जाईल. पी रे हरिबा. चहावर साय धरली बघ. गिताबाई, दे त्यो कप, परत गरम करून आणते.

गिताबाई : अवं, हळू प्या. कानातनं धूर निघतोय तुमच्या... काय? काय पायजे?

धुरपदा : काय म्हणतोय?

गिताबाई : मोरी कुठं हाय म्हणून खुणावत्यात.

धुरपदा : चहा झाल्यावर दावीन. हा घे, वाफाळता आणलाय. आन् पित्त अजून आसंल, तर ओडिशाचा एक हाय तिकडच्या खोलीत, भाताचं पाणी आंबवून ठिवतो मटक्यात. म्हणतो, पोट कसं थंडगार पडतं. हाक मारू?

हरिबा : काशीला सोडलाय! चहा काशीला सोडलाय मी! पित्त बित्त काय न्हाई मला! हाक मारू नको कुणाला!

धुरपदा : बोलला. भरला कप म्होरं आन् बोलला.

गिताबाई : वन्सं, ऐकून तर घ्या.

धुरपदा : काय ऐकू? दुनियेतला भाजीपाला संपला व्हता का?

गिताबाई : म्हटलं नव्हतं का मी!

धुरपदा : माझा कप पालथा घालून गेला, त्येवढ्यानं भागलं न्हाई. गंगेपातुर गेला आन् चहाच सोडून आला. म्हंजी आता मी मरेस्तोवर बोलवायचं आन् ह्यानं मरेस्तोवर नको म्हणायचं. पुण्याईचं काम!

हरिबा : आक्का, तुझ्यावरनं न्हाई सोडला. त्या स्टेशनावरच्या चहावाल्यावरनं सोडला. काशीला आवडीची वस्तू सोडत्यात...

धुरपदा : मला सांगू नको काशीला काय सोडत्यात ते. आवडीची वस्तू सोडाया तू रेलगाडीनं गेलास. मला तर बिनकाशीची सोडलीस, घरच्या घरी.

गिताबाई : खरं सांगू का, वन्सं? मी तिथं शेजारीच उभी व्हते. त्यो पंडा लई भला माणूस व्हता. ह्यांच्या तोंडाकडं बघून त्योच म्हणला, ‘बाबा, क्रोध छोड़ दो.’

धुरपदा : मग?

गिताबाई : हे म्हणलं, ‘राग न्हाई सोडायचा. त्यो लागतो मला. तुम्ही चहा घ्या.’

धुरपदा : असं म्हणला?

गिताबाई : असंच. घासाघीस केली गंगेत उभं ऱ्हाऊन. पंडा म्हणला, थोडा तरी सोडा. हे म्हणलं, एक कण न्हाई.

धुरपदा : आन् कुणासाठी रं ठिवला एवढा जपून?

हरिबा : तुझ्यासाठी. दुसऱ्या कुणावर ठिवू? आक्का, मामा व्हतो मी. सोनमला हाताला धरून मांडवात मी आणली. समद्या पाव्हण्यांच्या देखत पहिला कप त्या मंडपवाल्याला गेला. माझ्याम्होरं आला त्यो गार. गार, आक्का. वर माशी.

धुरपदा : अरं, त्यो मंडपवाला खांब उपटाया निघाला व्हता! दुसऱ्या गावचं लग्न घेतलं व्हतं त्यानं त्याच दिवशी. त्याच्या हातात कप कोंबला नसता तर मांडव वरमायीच्या डोक्यावर आला असता. परका व्हता म्हणून त्याला आधी दिला. तू घरचा. मला वाटलं, घरचं माणूस थांबल.

हरिबा : मग तसं सांगायचं.

धुरपदा : सांगाया तू व्हतास कुठं? उठून चाललास तरातरा. वेशीपातुर पळत आले मी तुझ्यामागं, हळदीच्या लुगड्यात. मागं वळून बघितलं न्हाईस.

हरिबा : तू आली व्हतीस?

धुरपदा : इचार तुळजाबाईला.

हरिबा : मला नव्हतं म्हाईत, आक्का. म्हाईत असतं तर वळलो असतो.

धुरपदा : आता वळून काय उपयोग? मी तुळजाबाईच्या देखत शब्द दिलाय, चहा पिल्याबिगर भाऊ न्हाई. तू गंगेला शब्द दिलास. माझा मोडला तर गावात तोंड दावायला जागा न्हाई, तुझा मोडला तर वर न्हाई.

हरिबा : थॉमसचा काढा पिलो की. त्यो धरत न्हाईस का?

धुरपदा : त्यो थॉमसनं केलाय. भांडण काय तुझं थॉमससंगं हाय?

गिताबाई : वन्सं, एक बोलू का? सत्यनारायणाला भटजी मला काय सांगत्यात?

धुरपदा : काय सांगत्यात?

गिताबाई : ह्यांच्या हाताला हात लावा. पळीनं पाणी हे सोडत्यात, फुलं हे वाहत्यात. मी नुसता हाताला हात लावून बसते. तरी पूजा दोघांची धरत्यात. धरत्यात का न्हाई?

धुरपदा : धरत्यात तर.

गिताबाई : मग आज ह्यांनी हात लावायचा. चहा मी पिते.

हरिबा : आन् पुण्य?

गिताबाई : पुण्य तुमचं तसंच ऱ्हातं. तोंडाला तर काय लागत न्हाई तुमच्या.

धुरपदा : थांब, इचार करू दे. पोटात कुणाच्या गेला ते गंगा बघंल. माझ्या दारात कुणाच्या नावानं पिला ते मी बघीन... जमतंय. पण नीट झालं पायजे. गिताबाई, पाट घे. त्याच्या उजव्या बाजूला बस. अय् मिसराजी, थॉमस, इधर आव सब लोग! गवाह लगेगा!

हरिबा : त्यांना कशाला?

धुरपदा : उद्या नको म्हणशील. मिसराजी, देखो, मेरा भाई चाय पी रहा है. न्हाई, न्हाई, पियेगी वो, लेकिन पी रहा है ये! समझा? न्हाई समझा तर ऱ्हाऊ द्या, नुसतं बघा.

गिताबाई : वन्सं, खरं सांगू, मला बी बरं झालं. काशीहून आल्यापास्नं ह्यांच्या म्होरं पिता येत न्हाई. गोठ्यात बसून पिते चहा. म्हैस बघत बसती माझ्याकडं.

हरिबा : तू चोरून पितीस?

गिताबाई : तुम्ही वास घ्याया गोठ्यात येताच की.

धुरपदा : गप बसा दोघं. हरिबा, लाव हात. मनगटाला नको, बोटांवर ठिव तिच्या, कप धरलाय त्यांनी. थांबा! थांबा, पिऊ नको. दे त्यो कप इकडं.

गिताबाई : आता काय झालं?

धुरपदा : बोलता बोलता गार झाला परत.

हरिबा : असू दे आक्का, चालंल.

धुरपदा : चालंल कसं? ह्या येळंला गार द्यायचा न्हाई. बसा तशीच, हात हालवू नका... हां, धर. भरून आणलाय. पी गिताबाई, दमानं. हरिबा, हात काढू नको... समदा पी. तळाचा बी... झाला? दाव. झाला रिकामा. आता तोंड उघड, हरिबा. सांग, कसा व्हता चहा?

हरिबा : गरम व्हता, आक्का.